जावईबापूंच्या कादंबरीतली म्हैस

मु. पो. जानेफळ, ता. मेहकर
अधिक ज्येष्ठ, वद्य पंचमी

चिरंजीव ऋत्विकराव जावईबापू यांना जानेफळहून भगवानरावाचे भरघोस आशीर्वाद, आणि जयमालेचे, म्हणजे तुमच्या सासूबाईंचे, त्याहून मूठभर जास्त.

तुमचं पित्त कसं आहे? सकाळी उपाशीपोटी चहा घेणं बंद केलं का? पुण्यात माणसाचं पोट बिघडतं असं माझं जुनं मत आहे, पण तुम्ही मत मागितलेलं नाही, म्हणून देत नाही. (मागितलेलं मत दिलं तरी तुमच्याकडे काय होतं, ते आता आम्हाला ठाऊक झालं आहे.) इकडे सगळं ठीक. ऊन असं आहे की दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. कूलरची मोटर जळाली, ती भरून आणली, ती परत जळाली. सासूबाईंचा गुडघा जिना दिसला की दुखतो आणि लग्नाची पंगत दिसली की थांबतो. शेतं वखरून तयार आहेत, बियाणं घरात येऊन पडलं आहे, आता आभाळाकडे बघण्याखेरीज काम नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही करिष्माचा फोन उचलत नाही, आणि माझा उचलता तो 'मीटिंगमध्ये आहे, मामा' एवढं सांगण्यापुरता. शिवाय फोनवर तुम्ही मध्ये बोलाल. पत्रात तशी सोय नसते, म्हणून पत्र.

आधी करिष्माचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. पोरगी अक्षय तृतीयेला माहेरी आली ती चार दिवसांसाठी. पाचव्या दिवशी तिने बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले, तेव्हा सासूबाईंनी मला शेतातून बोलावून घेतलं. कपडे बॅगेत असले की लेक माहेरपणाला आलेली असते. कपाटात गेले की गावाला विषय मिळतो. 'ऊन उतरलं की जाईल' असं आम्ही विचारणाऱ्याला सांगतो, आणि ऊन उतरायला लागलं की मलाच धडकी भरते. खोदून विचारलं तेव्हा कळलं ते असं. तुमच्या कादंबरीचं प्रकाशन झालं, पाहुणे गेले, तुम्ही सोफ्यावर बसून तिला विचारलं, कशी वाटली. ती म्हणाली, 'कल्पना फार सुंदर आहे, पण...' या 'पण'च्या पुढे तुम्ही तिला जाऊच दिलं नाही. तेव्हापासून अबोला. दूध संपलं, गॅस बुक करायचा आहे, हे तुम्ही तिला फ्रीजवर चिठ्ठी चिकटवून कळवायचे म्हणे, दोन खोल्यांच्या घरात. (एका पहाटेचं वर्णन प्रकरणभर पुरवणारा माणूस चिठ्ठीत 'दूध नाही' एवढ्यात भागवतो, याचं मला नंतर फार नवल वाटलं.) तुमचा सासरा म्हणून मी तुमची बाजू घेतली. नवऱ्याने एवढं जाडजूड पुस्तक लिहिलं तर बायकोने दोन गोड शब्द बोलावेत, असं मी तिला चांगलं पाऊण तास सुनावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी वाचा बाबा, मग मला बोला.

माझ्या वाचनाची तुम्हाला कल्पना नाही. लग्नात तुम्ही विचारलं होतं, मामा, तुम्ही काही वाचता का? मी म्हणालो, हो, बियाण्याच्या पिशवीवरचं. ते तुम्ही खरं धरलं आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त सोयाबीनवर बोलता. मी गावच्या वाचनालयाचा अध्यक्ष आहे (कपाटाची किल्ली माझ्याकडे असते म्हणून), आणि त्या कपाटात जेवढ्या कादंबऱ्या आल्या तेवढ्यांनी मला फसवलेलं आहे. एकीत एक विहीर होती. तिच्यात वाकून हाक मारली की आपला आवाज परत येत नाही, आपल्या मनात असतं ते परत येतं. हे वाचून मी खाटेवर उठून बसलो. म्हटलं, आता गावातल्या सोयरिकी, वाटण्या, निवडणुका, सगळं या विहिरीच्या काठावर येणार. लेखकाने दुसऱ्याच प्रकरणात नायकाला शिष्यवृत्ती देऊन जर्मनीला पाठवलं. विहीर राहिली इकडे. शेवटच्या पानावर त्याला ती आठवते आणि त्याचे डोळे पाणावतात. दुसरीत एक चोर होता, तो घरं फोडून काही नेत नसे, काहीतरी ठेवून जात असे. काय ठेवून जातो हे कळण्यासाठी मी चिखलीच्या बाजाराचा दिवस बुडवला, तर लेखकाने त्या जागी समाजव्यवस्थेवर भाषण ठेवलेलं. तिसरीत नवरी भर मांडवातून निघते आणि नवरदेवाच्या वरातीच्या घोड्यावर बसून गाव सोडते. काय सुरुवात आहे सांगा. पण पुढे तिला स्वतःचा शोध लागतो, डोंगर लागतो, आश्रम लागतो, आणि घोडा कुठे गेला ते शेवटपर्यंत कळत नाही. घोडा भाड्याचा होता हो.

या लोकांना कल्पना सुचते, तीच त्यांची पंचाईत. सुचली की यांना वाटतं काम झालं. वांग्याचं रोप लावून दुसऱ्या दिवशी तराजू घेऊन बाजारात बसणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही, पण कादंबऱ्यांच्या बाजारात तसेच सगळे बसलेले दिसतात. तरीही दर वेळी मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचून मी हुरळतो. तुमच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'एका सकाळी अख्खं गाव शेजारच्या घरात जागं होतं.' हे वाचून मी करिष्माला म्हणालो, बाई, अशी कल्पना जिल्ह्यात कोणाला सुचलेली नाही, तू माफी माग. आणि ही कादंबरी एकट्याने वाचून संपवायची नाही, गावाला वाचून दाखवायची, म्हणजे तुझा नवरा काय चीज आहे ते तुला चार माणसांत कळेल, असंही म्हणालो. आतलं एक पान न वाचता म्हणालो, कारण तुमच्यावर विश्वास होता.

अधिक महिन्यात मारुतीच्या देवळात संध्याकाळच्या आरतीनंतर पोथी लागते हे तुम्ही जाणताच. वाचणारा तुळशीराम. आवाज खणखणीत, स्वभाव आतल्या गाठीचा. मी देवळात मांडलं की या अधिकात पोथी सकाळी घेऊ आणि संध्याकाळी माझ्या जावयाची कादंबरी लावू, वाचेन मी. लोकांना गंमत वाटली. तुळशीराम रागावेल अशी मला भीती होती, पण त्याने पुस्तक हातात घेतलं, तळहातावर जोखलं, मधलं एखादं पान उघडून ओठांत पुटपुटत वाचलं आणि एकदम गोड झाला. (तेव्हाच मला समजायला हवं होतं.) त्याने फक्त विचारलं की नियम पोथीचेच ना. मी छाती काढून म्हणालो, पोथीचेच. म्हणजे नारळ फुटला की वाचन अर्धवट सोडायचं नाही, एकही पान गाळायचं नाही, वाचणारा बदलायचा नाही, आणि ज्याने लावली त्याने समाप्तीला गावजेवण घालायचं. पेरणीच्या तोंडावर अर्धवट सुटलेलं वाचन गावाला बाधतं, हे तुळशीरामने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मी सगळ्याला हो म्हणालो, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि वर जाहीर करून बसलो की समाप्ती अमावस्येला, त्याच दिवशी जावयाचं धोंडे-जेवण, आणि लेखक स्वतः हजर राहणार. (पुण्यात राहून विसरला असाल तर आठवण देतो: हा धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात, त्यासाठी जावई यावा लागतो.)

पहिल्या संध्याकाळचं तुमचं मी मनापासून कौतुक करतो, ते नीट वाचून घ्या, कारण पुढे कौतुक नाही. गल्लीतलं प्रत्येक घर एक घर पुढे सरकलेलं. गल्लीच्या तोंडाशी राहणारा सरपंच उठतो तो निवडणुकीत त्याच्याकडून पडलेल्या माणसाच्या घरात, त्याच्याच चादरीत. एक सासू रोज ज्या घरी जाऊन सुनेचं गाऱ्हाणं सांगते, त्याच घरात ती आणि सून दोघी जाग्या होतात. आणि सरपंचाच्या वाट्याला आलेल्या गोठ्यात म्हैस दूध काढायला कोणी येत नाही म्हणून हंबरते. इथे पहिलं प्रकरण संपतं. देवळात कोणी जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी गावभर हाच विषय, की आपण सरकलो तर कोण कोणाकडे उठेल. शेताच्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोघे शेजारी रस्त्यात थांबून एकमेकांच्या घरात काय काय सापडेल यावर हसत होते. दुसऱ्या संध्याकाळी सभामंडप भरून लोक पायऱ्यांवर बसले, बायांनी घरून सतरंज्या आणल्या. करिष्मा खांबाला टेकून बसली होती. मी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ते प्रकरण मीच लिहिलं आहे.

मग मी दुसरं प्रकरण उघडलं. तुमचा नायक निनाद गच्चीवर जातो. गच्चीवरून त्याला धुकं दिसतं. वैशाखात. (वैशाखात आमच्या घराच्या धाब्यावर पापड असतात, बाकी काही नसतं.) खाली अख्खं गाव दुसऱ्याच्या घरात उठलेलं, आणि हा वर उभा राहून 'घर म्हणजे नेमकं काय' यावर विचार करतो. प्रकरण संपलं तरी करतो. तिसऱ्यात धुकं दाट होतं. चौथ्यात ओल्या निळ्या ओढणीची एक मुलगी येते, अर्धं वाक्य बोलते आणि जाते. पाचव्यात ती परत येते, पण उरलेलं अर्धं वाक्य आणत नाही. समोर बसणाऱ्या सुभद्राबाईंकडे स्वतःच्या दोन म्हशी आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भगवानराव, मंग त्या म्हशीचं दूध कोनं काढलं?" मी म्हणालो, पुढे येईल. त्या रोज विचारायच्या आणि मी रोज तेच सांगायचो. शेवटी त्या वैतागल्या. "कवा येईन? कास फुटून राह्यली असन तिची." मी रात्री घरी बसून पुढची पानं चाळली, आणि जावईबापू, तुमच्या आख्ख्या पुस्तकात ती म्हैस परत नाही. सरपंच नाही, सासू नाही, सून नाही. धुकं आहे. शेवटी निनादला जाग येते आणि तो स्वतःच्याच घरात असतो. हे मी सुभद्राबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

माणसं गळायला लागली. आधी तरुण गेले, मग सतरंज्या गेल्या. राहिले ते मी, नियमाने बांधलेला, सुभद्राबाई, म्हशीच्या काळजीने, तुळशीराम, आनंदाने, आणि दहाएक माणसं, ज्यांच्याकडे वीज नव्हती आणि देवळात पंखा होता. तुळशीराम सर्वांच्या आधी येऊन अगदी पुढे बसायचा आणि मी दम घेतला की म्हणायचा, वाचा, वाचा, लय खोल हाय. एका संध्याकाळी मी तुमचं ते वाक्य वाचलं, 'धुक्याच्या पदराला स्मृतीची किनार होती आणि किनारीला विस्मरणाची गाठ.' मागून कोणीतरी विचारलं की मग पदराला उरलं काय. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तेव्हा करिष्मा उठून उभी राहिली. लग्नानंतर ती गावात बोलतानाही पुण्याची भाषा सोडत नसे, पण त्या दिवशी सोडली. "हसू नका कोनी. दोन वर्सं त्यायनं एकबी रविवार पाह्यला नाही याच्यापायी. चुकलं असन, पन मनापासून लिवलं हाय." एवढं बोलून ती परत खांबाला टेकून बसली. मला पुढचं पान दिसेना, आणि त्याला धुकं कारण नव्हतं. जिने तुम्हाला तुमच्या तोंडावर 'पण' म्हटलं, तिला तुमच्या पाठीमागे दुसऱ्याचं हसू सहन होत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून इतका मजकूर लिहिला. तुमच्या पुस्तकात एवढं उघड कुठे काही लिहिलेलं नाही, म्हणून आमच्याकडून घ्या.

त्यानंतरच्या संध्याकाळी सुभद्राबाई मध्येच उठल्या. त्यांनी पिशवी उचलली आणि निघाल्या. त्या गेल्या असत्या तर उरलेले पंखा सोडून गेले असते. पुस्तकात निनाद तेव्हा कठड्याला टेकून श्वास मोजत होता. माझ्या तोंडून निघून गेलं: 'इतक्यात खाली गोठ्यात पावलं वाजली.' हे वाक्य तुमचं नाही. सुभद्राबाई उंबऱ्यावर थांबल्या. मी मान खाली घालून, पुस्तकावर बोट फिरवत, पुढे वाचत राहिलो (वाचत म्हणजे तुम्ही समजा). गोठ्यात सरपंच आला. त्याने जन्मात धार काढलेली नाही. म्हशीने त्याला हुंगलं आणि लाथ घातली. सुभद्राबाई परत येऊन जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, असंच व्हाले पायजे त्याले. दुसऱ्या दिवशी लोक परत आले. तिसऱ्या दिवशी सतरंज्या परत आल्या.

करिष्माला तुमचं पानन् पान पाठ आहे, तिला कळायचं ते कळलंच. मला वाटलं आता चांगलीच खरडपट्टी निघणार. घरी आल्यावर तिने कणीक मळायला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की सरपंचाला आधी भांडं शोधावं लागेल ना बाबा, दुसऱ्याच्या घरात धारेचं भांडं कुठे असतं त्याला काय माहीत. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी तुमची कादंबरी तयार होते आणि संध्याकाळी मी ती तुमच्या पुस्तकातून वाचतो. सासूबाईही त्यात आहेत. मीठ सापडत नाही म्हणून अख्खी गल्ली अळणी जेवते, तो भाग त्यांचा. पण मुख्य हात करिष्माचा. मी काही सुचवलं की ती म्हणते, नाही, असं ते लिहिणार नाहीत. कधी म्हणते, हे त्यांना आवडेल. मी म्हणतो, अगं, त्यांना धुकं आवडतं. तर म्हणते, धुकं नाही बाबा, त्यांना भीती वाटते की साधं लिहिलं तर लोक हसतील. हे समीक्षेचं वाक्य मी आमच्या कपाटातल्या कोणत्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

तुळशीरामला संशय आहे. मी दोन-दोन दिवस एकच पान उघडं ठेवतो, हे समोर बसणाऱ्याला दिसणारच. नियम मोडला म्हणून तो उद्या गावासमोर माझी शोभा करू शकतो. पण परवा पाणवठ्यावर एकटा गाठून त्याने हळूच विचारलं, सरपंच त्या घरातून निघतो का बे शेवटी? मी म्हणालो, संध्याकाळी कळेल. तेव्हा तो काही बोलेल असं वाटत नाही, कारण बोलला तर त्यालाही पुढचं कळणार नाही. गावाने तुमच्या सत्काराला शाल, फेटा, नारळ असं ठरवलं आहे. पिंपळगाव राजाहून तुमच्या सासूबाईंचे भाऊ येणार आहेत. धोंड्यांचं पुरण, अनारसे, तुमचा पोशाख, सगळी तयारी झाली आहे. तेव्हा अमावस्येच्या आदल्या दिवशी या. तुमच्या आईवडिलांना आमचा नमस्कार कळवा, आणि त्यांनी पुस्तक पूर्ण वाचलं असेल तर आमची सहानुभूतीही. प्रकृतीला जपा, जेवणानंतर ताक घ्या.

तुमचा सासरा, आणि नाइलाजाने वाचक,
भगवानराव

ता. क. समाप्तीला लोक तुम्हाला प्रश्न विचारतील, तेव्हा तुमच्या कादंबरीत काय घडलं हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. सरपंच आता धार काढतो, म्हशीला त्याचा लळा लागला आहे. ती सासू सवयीप्रमाणे शेजारणीच्या ओसरीवर बसून स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेचं गाऱ्हाणं सांगत सुटली, आणि चहा घेऊन बाहेर आली ती सूनच. निनादला आम्ही गच्चीवरून खाली आणलं आणि पाणी भरायला लावलं. तब्येत सुधारली आहे. निळ्या ओढणीच्या मुलीचा मात्र मला पत्ता लागत नव्हता. लोक विचारत होते, ते पोरगी कोनाच्या घरची हाय? मी तिला गाळायला निघालो होतो. करिष्मा म्हणाली, ती गल्लीतल्या शेवटच्या घरची. सगळे एक घर पुढे सरकले, पण शेवटच्या घराला पुढे शेजारच नाही, म्हणून त्या घरची माणसं उघड्यावर जागी झाली. म्हणून ती फिरते. तुम्ही दोन वर्षं त्या मुलीला नुसतं फिरवलंत, ती का फिरते हे तुमच्या बायकोने भाकरी थापताना सांगितलं. कोणी विचारलं तर 'हे सगळं मीच लिहिलं' म्हणून सांगा. नाही म्हणालात तर माझं गावात राहणं कठीण आहे.

ता. क. २. खरं काम राहिलंच. आम्हाला शेवट येत नाही. सगळ्यांना आपापल्या घरी परत जायचं आहे, पण प्रत्येकाचं म्हणणं, आधी माझ्या घरातले उठोत. रिकामं असं एकच घर आहे, सरपंचाचं, गल्लीच्या तोंडाचं. तो उठून आपल्या घरी गेला की पुढचे एकामागून एक मोकळे होतात. पण तो अडून बसला आहे, कारण आधी उठलो तर हरलो असं त्याच्या डोक्यात आहे. त्याला उठवायचं कसं? मी करिष्माला किती विचारलं. ती म्हणते, मला माहीत नाही, शेवट त्यांनीच करायचा. म्हणून शेवटचं प्रकरण तुम्ही लिहून आणा आणि देवळात बसून तुम्हीच वाचा. वाचणारा बदलला तर चालेल, असं तुळशीराम स्वतः म्हणाला आहे. मी यातून दुसरं काही सुचवत नाही. कादंबरीबद्दलच बोलतो आहे.

ता. क. ३. आज सकाळी देवळात पुस्तक जागेवर नव्हतं. शोधलं तर करिष्माच्या उशाखाली सापडलं. मी म्हणालो, अगं, आपण आता यातलं एक अक्षर वाचत नाही, हे कशाला घेऊन झोपतेस? ती म्हणाली, "तुम्ही वाचता ते गावाचं आहे बाबा. हे त्यांचं आहे." तिने ते आतापर्यंत तीनदा वाचलं आहे, धुक्यासकट. एवढा सोशिक वाचक तुम्हाला पुण्यात दुसरा मिळायचा नाही, तेव्हा येताना तिला न्यायच्या तयारीने या.